उत्सर्जनाचा धनी कोण? : कंत्राटदाराच्या वाहनताफ्याच्या कार्बन-हिशेबाची चिकित्सा

१

पाणी, वायू, वीज आणि दूरध्वनी या लोकोपयोगी सेवांचे जाळे जमिनीखाली किंवा खांबांवर पसरलेले असते. परंतु ते सुस्थितीत ठेवण्याचे काम रस्त्यावरून चालते. जलवाहिनी फुटो वा वायुवाहिनी गळो, तिच्यापाशी पोहोचावयाचे तर कामगारांची टोळी, हत्यारांनी भरलेली व्हॅन, माती वाहणारा टिपर, खोदयंत्र, कॉम्प्रेसर आणि जनित्र एवढा परिवार जागेवर न्यावा लागतो. या परिवाराचे इंधन बहुतांशी डिझेल असते, आणि एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा अशा ताफ्याचा पर्यावरणावरील भार कमी कसा करावा, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. तो हिशेबाचा आणि जबाबदारीचाही होतो.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास ब्रिटनसारखे दुसरे क्षेत्र क्वचितच सापडेल. तेथे १९८६ मध्ये वायुपुरवठा, १९८९ मध्ये इंग्लंड व वेल्समधील पाणीपुरवठा आणि १९९० मध्ये वीजवितरण खाजगी कंपन्यांकडे गेले. त्यानंतर रस्त्यावरील खोदकामाचा, दुरुस्तीचा व नव्या जोडण्यांचा मोठा भाग कंत्राटदारांच्या हाती आला. परिणामी नळ एकाचा, त्यावर काम करणारी गाडी दुसऱ्याची, आणि खड्डा बुजवून डांबर घालणारा पुष्कळदा तिसराच, अशी स्थिती निर्माण झाली. धूर मात्र एकच आहे. तो कोणाच्या खाती मांडावयाचा?

या प्रश्नाचे अधिकृत उत्तर म्हणून जो लेखप्रकार ब्रिटनमध्ये रूढ झाला, त्याचे नाव ‘कार्बन घट आराखडा’. तेथील केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये ०६/२१ क्रमांकाची खरेदी-धोरण टिपण प्रसिद्ध केली. वार्षिक ५० लाख पौंडांहून अधिक मूल्याच्या केंद्रीय कंत्राटासाठी निविदा भरणाऱ्या पुरवठादाराने असा आराखडा सादर केलाच पाहिजे, असा नियम तिने ३० सप्टेंबर २०२१ पासून घातला. नव्या खरेदी कायद्याचा अंमल फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाल्यावर हीच तरतूद ००६ या क्रमांकाने पुढे चालू राहिली. खाजगी जलकंपनीवर किंवा वायुकंपनीवर या टिपणीचे बंधन नाही. तथापि जे कंत्राटदार शासनाचीही कामे घेतात त्यांना आराखडा करावाच लागतो, आणि एकदा केलेला आराखडा सर्व ग्राहकांपुढे ठेवला जाणे स्वाभाविक आहे. या आराखड्याची घडण तपासणे आणि त्यातून वाहनताफ्याविषयी काय दिसते व काय दिसत नाही हे पाहणे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

आराखड्याचे गुण प्रथम नमूद करणे न्यायाचे होईल. त्यात आधारभूत वर्ष द्यावे लागते, त्या वर्षाचे व चालू वर्षाचे उत्सर्जन आकड्यांत सांगावे लागते, २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर येण्याचे वचन द्यावे लागते, योजलेले उपाय लिहावे लागतात, आणि संचालकाची मान्यता घेऊन तो प्रसिद्ध करावा लागतो. ज्या धंद्यात इंधनाचे बिल ही केवळ खर्चाची एक बाब समजली जात होती, तेथे ती लोकांपुढे मांडावयाची माहिती झाली, हा लाभ लहान नव्हे. किती डिझेल जळते हेच ज्याने कधी मोजले नाही, त्याने ते कमी करण्याची भाषा बोलणे व्यर्थ आहे.

या आराखड्याची परिभाषा ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ या आंतरराष्ट्रीय मानकातून आली आहे. हे मानक २००१ मध्ये प्रथम व २००४ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाले. त्याने उत्सर्जनाच्या तीन कक्षा केल्या आहेत. संस्थेच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील साधनांतून निघते ते पहिल्या कक्षेत, विकत घेतलेल्या विजेच्या निर्मितीमुळे होते ते दुसऱ्या कक्षेत, आणि संस्थेच्या व्यवहारामुळे परंतु इतरांच्या साधनांतून होते ते सर्व तिसऱ्या कक्षेत. २०११ मध्ये तिसऱ्या कक्षेसाठी स्वतंत्र मानक निघाले आणि तिचे १५ उपवर्ग पाडण्यात आले.

विश्लेषणासाठी ही विभागणी उपयुक्त आहे यात शंका नाही. दोष उत्पन्न होतो तो तिच्या वापरात. कार्बन घट आराखडा पहिल्या दोन कक्षा पूर्णपणे मागतो. तिसऱ्या कक्षेतील मात्र १५ पैकी ५ उपवर्गच मागतो. ते पाच म्हणजे कच्च्या मालाची वाहतूक, कामातून निघणारा कचरा, कामानिमित्त प्रवास, कर्मचाऱ्यांचे कामावर जाणे-येणे आणि उत्पादित मालाची वितरण-वाहतूक. ‘विकत घेतलेल्या वस्तू व सेवा’ हा पहिलाच उपवर्ग या सक्तीच्या यादीत नाही. आणि उपकंत्राटदाराने आपल्या गाड्या व आपली माणसे आणून केलेले काम स्वभावतः याच उपवर्गात बसते.

३

या वगळण्याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कंत्राटदाराकडे १०० व्हॅन आहेत, प्रत्येक व्हॅन वर्षाकाठी २०,००० किलोमीटर धावते आणि १०० किलोमीटरला १० लिटर डिझेल जाळते, असे समजावे. एका व्हॅनचे उत्सर्जन वर्षाला सुमारे ५.४ टन आणि शंभरांचे ५४० टन होईल. आता या कंत्राटदाराने डांबरीकरणाचे काम लहान उपकंत्राटदारांकडे सोपवले आणि ३० व्हॅन विकून टाकल्या. त्याच रस्त्यांवर तेच काम करण्यासाठी उपकंत्राटदारांच्या ३० व्हॅन धावू लागल्या. कदाचित त्या अधिक जुन्याही असतील. पुढील आराखड्यात कंत्राटदाराचे पहिल्या कक्षेतील उत्सर्जन १६२ टनांनी, म्हणजे ३० टक्क्यांनी, घटलेले दिसेल. हवेत मात्र एका किलोग्रॅमचाही फरक पडलेला नसेल.

येथे कोणी लबाडी केली असे म्हणता येणार नाही. कंत्राटदाराने लिहिलेला प्रत्येक आकडा खरा आहे; नमुन्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याने दिले आहे. दोष प्रश्नात आहे. आराखडा वाहनाच्या मालकाला विचारतो. वाहन ज्या कामासाठी धावले त्या कामाला विचारीत नाही. लोकोपयोगी सेवांच्या धंद्यात तर काम हाताखाली देण्याची साखळी इतकी लांब असते, की मालकीवर आधारलेला हिशेब तिच्या प्रत्येक कडीपाशी थोडा थोडा गळत जातो. साखळीच्या शेवटी जो दोन-चार गाड्यांचा मालक उभा असतो, त्याच्याकडे आराखडा मागितला जात नाही आणि आधुनिक गाडी घेण्याचे भांडवलही बहुधा नसते. म्हणजे भार जेथे मोजला जात नाही आणि जेथे तो कमी करण्याची ऐपत सर्वांत थोडी, तेथेच तो सरकत जातो.

यावर एक आक्षेप संभवतो. उपकंत्राटदाराचा धूर कंत्राटदाराच्या खातीही धरला तर तोच धूर दोनदा मोजला जाईल, असे म्हटले जाते. आक्षेप तर्कदृष्ट्या बरोबर आहे, परंतु तो येथे लागू पडत नाही. तिसऱ्या कक्षेची कल्पनाच मुळी एकाच उत्सर्जनाकडे अनेक संबंधितांनी पाहावे या हेतूने झाली आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या आकड्यांची बेरीज करून देशाचा आकडा काढावयाचा असेल तर पुनर्गणना घातक ठरेल. परंतु ते भार हलके करण्याचे सामर्थ्य कोणाकोणाकडे आहे हे शोधावयाचे असेल तर ती इष्टच आहे.

४

आराखड्यांतील ‘उपाय’ या सदराकडे वळले म्हणजे दुसरा दोष दृष्टीस पडतो. तेथे दोन उपाय हमखास आढळतात : गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवण्याविषयी चालकांचे प्रशिक्षण, आणि डिझेलच्या जागी वनस्पतिजन्य इंधन.

पहिला उपाय वरवर निर्विवाद वाटतो. ‘टेलिमॅटिक्स’ या दूरमापन यंत्रणेमुळे कोणत्या गाडीचे इंजिन किती मिनिटे विनाकारण चालू होते हे कार्यालयात बसून कळते, आणि त्यावरून चालकांची गुणानुक्रमे यादीही लावता येते. परंतु रस्त्यावरील टोळीची गाडी म्हणजे नुसते वाहन नव्हे. ते तिचे फिरते कारखाना-घर असते. विजेच्या खांबावरील तारांपर्यंत माणसाला उचलणारा पाळणा बहुधा त्याच इंजिनाच्या बळावर वर जातो; दिवे, हत्यारे आणि हिवाळ्यात कामगारांना लागणारी ऊब, यांचाही तोच आधार असतो. यंत्रणेला जे ‘रिकामे चालणे’ दिसते, त्यात आळस किती आणि काम किती हे वेगळे केल्यावाचून चालकाला बोल लावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. पाळणा व हत्यारे स्वतंत्र विद्युत्‌घटावर चालवणाऱ्या गाड्या निघाल्या आहेत, आणि या बाबतीत खरा उपाय त्यांच्यात आहे. परंतु त्या महाग असतात. प्रशिक्षण स्वस्त असते. आराखड्यात प्रशिक्षणाला पहिले स्थान का मिळते, याचे हे एक कारण असावे.

दुसऱ्या उपायाची परीक्षा अधिक बारकाईने करावी लागते. वापरलेले खाद्यतेल, चरबी इत्यादींवर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेले ‘एचव्हीओ’ हे इंधन बहुतेक डिझेल इंजिनांत फेरफार न करता चालते. त्याच्या निर्मितीपासून ज्वलनापर्यंतचे उत्सर्जन खनिज डिझेलच्या तुलनेत ९० टक्क्यांपर्यंत कमी असते, असा दावा केला जातो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ पासून बांधकाम-यंत्रांना सवलतीच्या कराचे, लाल रंग मिसळलेले डिझेल वापरण्यास मनाई झाली. डिझेल महागल्यामुळे पर्यायी इंधनाकडे पाहण्यास कंत्राटदारांना एक निमित्त मिळाले.

परंतु हिशेबाच्या नियमानुसार, जैविक इंधन जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड तिन्ही कक्षांच्या बाहेर वेगळा दाखवला जातो, कारण तो वनस्पतींनी हवेतूनच घेतलेला होता असे मानले जाते. यास्तव टाकीतील इंधन बदलले की पहिल्या कक्षेचा आकडा जवळजवळ शून्यावर येतो. एकही फेरी कमी झालेली नसते, एकही खड्डा कमी खणलेला नसतो, तरीही आराखडा पूर्ण झाल्यासारखा दिसतो. शिवाय वापरलेले तेल मागणीनुसार वाढत नाही. एका कंत्राटदाराने ते घेतले तर दुसऱ्या कोणाला तरी ते कमी पडते; आणि ही तूट नव्या पामतेलाने भरून निघाली तर मूळ हेतूच पराभूत होतो. एचव्हीओ टाकाऊ आहे असे यातून निघत नाही. जी अवजड यंत्रे आज विजेवर चालवणे कठीण आहे, त्यांच्यासाठी ते राखून ठेवावे, एवढाच याचा अर्थ.

५

तिसरा आणि सर्वांत गंभीर दोष असा, की हा आराखडा कंपनीचा असतो, कामाचा नसतो. वस्तुतः कंत्राटदाराचा ताफा किती मोठा असावा, तो कोठे उभा असावा आणि दिवसाला किती फेऱ्या व्हाव्या, हे बव्हंशी सेवाकंपनीच्या अटींनी आणि तिच्यावरील नियामकांच्या नियमांनी ठरते.

वायुगळतीचे उदाहरण घ्यावे. ब्रिटनमध्ये अनियंत्रित गळतीच्या ९७ टक्के प्रसंगी एका तासाच्या आत, व नियंत्रित गळतीच्या तितक्याच प्रसंगी दोन तासांच्या आत, माणूस पोहोचला पाहिजे असा दंडक आहे. प्राणरक्षणासाठी तो आवश्यकच आहे. परंतु त्याची किंमत म्हणून सर्वत्र विखुरलेला, सदैव सज्ज असा ताफा बाळगावा लागतो. असा भाग हिशेबात वेगळा दाखवला, तर जेथे काटकसर शक्य नाही ते क्षेत्र कोणते आणि जेथे ती शक्य आहे ते कोणते, हे तरी कळेल.

काटकसरीस खरोखर वाव आहे तो नियोजित कामात. १९९१ च्या रस्ते व रस्त्यांवरील कामे यांविषयीच्या कायद्यानुसार खणलेला रस्ता प्रथम तात्पुरता बुजवून सहा महिन्यांच्या आत कायमचा दुरुस्त करण्याची मुभा आहे. ही मुभा घेतली म्हणजे एकाच खड्ड्यासाठी टोळी, टिपर व रूळ यांची दुसरी फेरी अपरिहार्य होते. पहिल्याच वेळी कायमची दुरुस्ती केली, तर इंधन न बदलता, नवी गाडी न घेता, ती संपूर्ण फेरी वाचते. तद्वत् खणलेली माती बाहेर टाकून खाणीतून नवी खडी आणण्याऐवजी, तीच माती प्रक्रिया करून परत भरण्यास तेथील विनिर्देश काही अटींवर परवानगी देतात. जुन्या लोखंडी वायुवाहिन्या बदलण्याचा ३० वर्षांचा कार्यक्रम २००२ मध्ये हाती घेण्यात आला. त्यात जुन्या नळाच्या पोटातून प्लास्टिकचा नवा नळ सरकवण्याची पद्धत जेथे वापरली जाते, तेथे सलग चर खणण्याऐवजी अंतराअंतरावरील खड्डे पुरतात. खड्डा लहान झाला की माती, टिपर आणि डांबर ही सर्वच कमी होतात.

या तिन्ही उपायांना सेवाकंपनीची संमती लागते. पद्धत, दरपत्रक आणि कामांचा क्रम तीच ठरवते. फेरीगणिक वा खड्डागणिक मोबदला दिला जात असेल, तर फेरी वाचवणारा कंत्राटदार आपलेच उत्पन्न घटवतो. शिवाय इंग्लंडमधील जलकंपन्यांच्या दरनिश्चितीचा कालखंड पाच वर्षांचा असतो. चालू कालखंड एप्रिल २०२५ ते मार्च २०३० असा आहे. कंत्राटांच्या मुदतीही सामान्यतः या कालखंडांना धरून असतात. खास सांगाडा चढवलेला विजेवरील ट्रक मात्र त्याहून अधिक काळ वापरला तरच परवडतो. पुढील कालखंडात काम आपल्याकडे राहील याची शाश्वती नसलेल्या कंत्राटदाराने अशी गुंतवणूक टाळली, तर त्यास पर्यावरणाविषयी अनास्था म्हणावे की हिशेबी शहाणपण?

कायद्यानेही या बाबतीत कधी वाट अडवली तर कधी मोकळी केली आहे. साध्या परवान्यावर ३.५ टनांपर्यंतचीच व्हॅन चालवता येत असल्यामुळे, विद्युत्‌घटाचे वजन वाढले की हत्यारांसाठी जागा उरत नसे. २०१८ मध्ये पर्यायी इंधनाच्या व्हॅनसाठी ही मर्यादा ४.२५ टनांवर नेली गेली; पण तिला जोडलेली पाच तासांच्या जादा प्रशिक्षणाची अट २०२५ पर्यंत राहिली. यावरून ताफ्याचे परिवर्तन हे एकट्या कंत्राटदाराच्या संकल्पाचे फळ नाही, हे पुरेसे स्पष्ट व्हावे.

६

आणखी एक मर्यादा सांगितल्यावाचून ही चिकित्सा पुरी होणार नाही. आराखड्याचे नावच ‘कार्बन’ असल्यामुळे पर्यावरणाचे अन्य अंग त्यात अदृश्य होते. दाट वस्तीत दिवसभर चालणाऱ्या जनित्राचा धूर आणि आवाज तेथल्या रहिवाशांना व त्याच्याशेजारी उभ्या कामगारांना सोसावा लागतो. लंडनने ८ एप्रिल २०१९ पासून मध्यभागात अतिअल्प-उत्सर्जन क्षेत्र जाहीर केले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते शहराच्या सर्व उपविभागांत पसरवले. या नियमाने ताफे बदलायला लावले, कारण त्याने कंपनीला न विचारता प्रत्येक गाडीला विचारले. रस्त्यावर आलेली गाडी मालकाची आहे की उपकंत्राटदाराची, हा प्रश्नच त्याने गैरलागू ठरवला. अर्थात् नियमात न बसणारी जुनी गाडी दुसऱ्या शहरात विकली जाऊ शकते, ही त्याची उणीव आहेच; तथापि मालकीच्या आडोशाने होणारी गळती त्याने टाळली, हे महत्त्वाचे.

भारतीय अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय-उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाचा नमुना घालून दिला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. या नमुन्यात पहिल्या दोन कक्षा आवश्यक सदरात आहेत. तिसरी कक्षा मात्र ऐच्छिक सदरात ठेवलेली आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पाणी, वीज, वायू आणि दूरसंचार यांसाठी चर खणणाऱ्या टोळ्या बहुधा कंत्राटदारांच्या असतात आणि त्यांच्या गाड्या पुष्कळदा भाड्याच्या असतात, हे लक्षात घेतले, तर सक्तीच्या रकान्यात त्यांच्या डिझेलचा थेंबही का उतरत नाही हे सहज उमगेल. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा जो प्रघात आपल्याकडे दृढ आहे, त्यात तर चांगल्या गाडीचा जादा खर्च भरून निघण्यास जागाच नसते.

तेव्हा सुधारणा कोणत्या दिशेने व्हावी? गाडी कोणाचीही असो, पूर्ण झालेल्या कामामागे इंधन किती जळाले याचा हिशेब प्रत्येक कंत्राटात ठेवला जावा : बदललेल्या नळाच्या दर मीटरमागे किती लिटर, कायम दुरुस्त झालेल्या दर खड्ड्यामागे किती लिटर व किती फेऱ्या. लहान उपकंत्राटदाराला यासाठी तज्ज्ञ नेमावा लागणार नाही. इंधनाच्या पावत्या आणि कामाचा दैनिक तक्ता एवढे त्याच्याजवळ असतेच. काम वाढल्यास प्रमाण घटूनही एकूण धूर वाढू शकतो, म्हणून प्रमाणाबरोबर एकूण आकडाही द्यावा. आणि हा हिशेब ठेवण्याचे दायित्व, ज्याने कामाच्या अटी ठरवल्या त्या सेवाकंपनीवर प्रथम असावे, कंत्राटदारावर नंतर.

असा हिशेब सुरू झाला तर काही कंत्राटदारांचे आजचे आकर्षक आकडे बिघडतील, आणि ज्यांनी आपल्याच गाड्या ठेवून फेऱ्या कमी केल्या त्यांचे श्रेय प्रथमच नजरेस येईल. आजच्या नमुन्यात या दोघांतला भेद दिसत नाही; किंबहुना पहिलाच अधिक यशस्वी ठरतो. तो भेद दाखवता येणे, ही पुढील कोणत्याही आराखड्याची पहिली कसोटी मानली पाहिजे.